सोमवारची प्लेट

"छाती पाटीला लावा. हनुवटी वर. आता दम रोखा," एक्स-रे यंत्रापाशी उभा सूर्याजी म्हणाला, आणि विश्वासरावांनी मुकाट्याने दम रोखला.

सहा वर्षांपूर्वी याच माणसाच्या एका शब्दाने सूर्याजीचं घर बसलं होतं. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, फौजेची छाटणी निघाली, आणि यादी करणाऱ्या विश्वासरावांनी सूर्याजीच्या थोरल्या भावाच्या, कान्होजीच्या नावापुढे 'निकामी' असं लिहिलं. कारण एवढंच, की कान्होजीने एकदा चारचौघांत त्यांना उलट उत्तर दिलं होतं. मग कान्होजी रोज गणवेश चढवून किला गेटपाशी नुसता बसून राहायचा. एक दिवस तो गणवेशासकट विहिरीत सापडला. आईने तेव्हापासून गोड तोंडात घातलं नव्हतं.

विश्वासरावांना यातलं काही आठवत नव्हतं. मारणारा विसरतो, ज्याला लागलं तो कशाला विसरेल? "जरा जल्दी कर बाबा," सदरा चढवत ते म्हणाले. राज्याची नव्याने मांडणी होत होती, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या, आणि बढतीवर जाणाऱ्यांकडून छाती साफ असल्याचा दाखला मागत होते.

अंधाऱ्या खोलीत सूर्याजीने प्लेट धुतली. औषधांच्या वासाने त्याला ठसका लागला. महिनाभर त्या वासाशी त्याचं जमतच नव्हतं. मग त्याने प्लेट दिव्यासमोर धरली आणि तो हसला. उजव्या फुफ्फुसात, वरच्या अंगाला, रुपयाएवढी पोकळी होती. पक्का टीबी. या नोकरीच्या चार वर्षांत एवढं वाचायला तोही शिकला होता.

देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं. बढती गेली, भोपाळ गेलं. पण तेवढ्याने सूर्याजीचं पोट भरेना. टीबीवर आता सुया निघाल्या होत्या. विश्वासराव वर्षभर सॅनेटोरियममध्ये दूध-अंडी खाऊन टुणटुणीत परतले असते. कान्होजी परतणार होता का? त्यापेक्षा दाखला खिशात घालून जाऊ दे भोपाळला. खोकत राहू दे. कळेल तेव्हा सुयांची वेळ टळून गेलेली असेल.

ग्वाल्हेरच्या विजेचा काही नेम नव्हता, म्हणून दर सोमवारी रुग्ण यायच्या आधी यंत्र जोखायला एक प्लेट काढायची पद्धत होती. ती पुरेशी काळी आली, फासळ्या स्पष्ट दिसल्या, की खणात टाकायची. ती कुणी वाचत नसे आणि तिच्यावर नावही नसे. सूर्याजीने कालची प्लेट खणातून काढली आणि पांढऱ्या शाईने तिच्यावर विश्वासरावांचं नाव ठळक घातलं. खरी प्लेट त्याने कात्रीने बारीक कापली.

"निकामी," तो स्वतःशीच म्हणाला.

डॉक्टर पांडुरंगराव प्लेटा भराभर बघून सह्या करत. ही मात्र त्यांनी दिव्यासमोरून हलवलीच नाही.

"सूर्याजी, हे बघ. डावीकडे, गळ्याच्या हाडामागे. कापसाचा धागा चिकटावा तसं. दिसतं?"

आधी दिसेना. मग दिसलं.

"टीबीची सुरुवात आहे. कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं. बोलाव त्यांना."

विश्वासराव आले आणि ऐकताच खचले. डॉक्टरांनी भोपाळ रद्द केलं, सॅनेटोरियमची चिठ्ठी लिहिली, आणि आजार वेळेत सापडल्यामुळे माणूस नक्की वाचेल, असा धीर दिला. निघताना विश्वासरावांनी सूर्याजीचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुझ्या प्लेटमुळे वाचलो, भाई. जनमभर विसरणार नाही."

सूर्याजीला ठसका लागला. इथे तर औषधांचा वासही नव्हता.

सोमवारी यंत्र जोखायला रुग्ण थोडेच येतात? गेली चार वर्षं दर सोमवारी पाटीला छाती लावून तो स्वतःच उभा राहत होता.