साखरेची वाटी

उमरठला मंजुळाकडे शिमग्याच्या पालखीला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी तोंडात काही घालत नसे. यंदा पालखी रखडली. तिच्या लेकीला, निशिगंधाला, आणि मुंबईहून आलेल्या पुतण्याला लहानपणापासून मधुमेह; सकाळचं इन्सुलिन दोघांनीही घेतलेलं. पुतण्याच्या दंडावर मात्र साखर मोजणारं मशीन होतं. त्याला जोडलेला मोबाईल एकाएकी कोकलला. “वहिनी, याची शुगर उतरली!” त्याची आई, मंजुळाची जाऊ, ओरडली. “पाहुण्याला देवी माफ करील,” म्हणत मंजुळाने लेकीकडून साखरेची वाटी मागवली. “आये, मला पण गरगरतंय. चिमूटभर खाऊ?” “तुझं कुठं मशीन वाजलंय? घरच्या लेकीने नेम मोडायचा नाय!” पोराने साखर खाल्ली, मोबाईल गप्प झाला. वाटी ठेवायला लेक आत गेली. ढोल दारात आले तशी मंजुळा ताट घ्यायला गेली. निशिगंधा चुलीपाशी निपचित पडलेली. बोटांना साखर चिकटलेली, ओठ कोरडे. लेकीने नेम मोडला नव्हता.