पडद्याआधीचं वाक्य

रंगीत तालमीत ह्यूबर्ट पेलिंग तिसऱ्यांदा अडकला, आणि तिसऱ्यांदा डावीकडच्या विंगेतून एका बाईच्या आवाजात वाक्य आलं. हळू, पण स्वच्छ. त्याने ते उचललं आणि प्रवेश पुढे रेटला. खाली अंधारात बसलेल्या दिग्दर्शकाला पत्ताही लागला नाही.

लागला असता तर संपलंच होतं. बावीस वर्षं टीव्हीवर फौजदार रंगवून ह्यूबर्ट रंगभूमीवर परतला तो बहात्तराव्या वर्षी, आणि आता डोक्यात वाक्यं राहीनाशी झाली होती. टीव्हीचं बरं असतं, अडलं की पुन्हा घ्या. इथे कोण पुन्हा घेतंय? बदली नटाला ह्यूबर्टची सगळी भूमिका तोंडपाठ आहे, असं दिग्दर्शक रूपर्टने कालच हसत हसत कानावर घातलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. उद्याचा पहिला प्रयोग हातचा गेला, तर या वयात पुन्हा कोण बोलावणार होतं त्याला?

तालीम शेवटाला आली. नाटकाचं शेवटचं वाक्य ह्यूबर्टचं होतं, आणि ते तो म्हणाला नाही. तालमीत कुणीच म्हणत नाही. समोर प्रेक्षक नसताना नाटक पुरं केलं तर अपशकुन होतो, ही नटांची जुनी रीत. तो नुसता दाराकडे बघत उभा राहिला आणि पडदा पडला. ते वाक्य त्याला आठवतच नव्हतं, हे मात्र कुणाला कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रंगमंचाची व्यवस्था बघणारी गिलियन भेटली, तेव्हा त्याने तिचे आभार मानले. आज तू होतीस म्हणून निभावलं पोरी, म्हणाला.

गिलियन त्याच्याकडे बघत राहिली.

"मी प्रेक्षागृहाच्या मागे होते, काचेच्या खोलीत. डावीकडच्या विंगेतल्या त्या कोपऱ्यात आता कुणी बसत नाही हो. वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टर मिस ओल्डरॉइड वारल्या, तेव्हापासून तिथे आग विझवायच्या वाळूच्या बादल्या ठेवतो आम्ही."

खरं तर ह्यूबर्टने घाबरायला हवं होतं. त्याला हायसं वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी कुणाची हे बुडणारा विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने शेवटचं वाक्य चाळीस वेळा घोकलं. संध्याकाळी सहाशे खुर्च्या भरल्या. दोन ठिकाणी तो अडला आणि दोन्ही वेळा आवाज आला. शेवटच्या प्रवेशात त्याच्या मुलीचं काम करणाऱ्या नटीने दार उघडलं, वळून त्याच्याकडे बघितलं, आणि ह्यूबर्टच्या डोक्यातली पाटी कोरी झाली.

तो थांबला. कोपऱ्यातून काहीच आलं नाही.

पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेत रूपर्ट खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. ह्यूबर्टने हळूच कोपऱ्याकडे मान वळवली. बादल्यांच्या मधोमध एक बाई स्टुलावर बसली होती, मांडीवर संहिता, अंगात करडा स्वेटर. तिने नकारार्थी मान हलवली.

"तालमीत शेवटचं वाक्य नसतं म्हणायचं, मिस्टर पेलिंग. माणसं येऊ देत."

ह्यूबर्टने समोर पाहिलं. सहाशे माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. बाईची नजर त्यांच्यावर नव्हतीच. ती वर बघत होती, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वस्तातल्या गॅलरीकडे. ती गॅलरी चाळीस वर्षांपूर्वी फळ्या ठोकून बंद केलेली.

वर एक बाक करकरलं. मग दुसरं. मग लाकडी जिन्यावर जड बूट वाजू लागले, खूप जणांचे. कामावरून सुटून थेट नाटकाला आल्यासारखे. धक्काबुक्की झाली, कुणीतरी कुणाला सरकायला सांगितलं, कुणी हसलं. खालच्या एकाही माणसाने मान वर केली नाही. दाराशी उभ्या नटीचे ओठ थरथरायला लागले होते. हे वर काय चाललंय म्हणून नव्हे, म्हातारा अडकलाय म्हणून.

मग वरची बाकं शांत झाली. बाईने पानावर बोट टेकवलं आणि वाक्य सांगितलं.

ह्यूबर्टने टीव्हीवर कमावलेला तो दबका आवाज सोडून दिला, हनुवटी वर केली, आणि अगदी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं म्हणाला,

"दार लावून घे. आले सगळे."