शॉर्टस्टॉपची जागा

"माझ्या पोरीला तिकडे कुंपणापाशी का पाठवलंत?" वडिलांनी कोचला थेटच विचारलं.

तीन वर्षं लेक शॉर्टस्टॉप होती, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. बेसबॉलमध्ये सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येतात. आणि आज ती आउटफील्डला, मैदानाच्या पार टोकाला उभी. तिच्या जागेवर कोण? तर कोचची सख्खी भाची!

"संघाच्या गरजेप्रमाणे असे बदल करावे लागतात," कोच म्हणाला. त्याची नजर मात्र वडिलांच्या घडीच्या खुर्चीवर. "खुर्ची फार जवळ नाही का होत हो? चेंडू लागेल एखादा."

"माझं मी बघतो. तुम्ही विषय बदलू नका."

वडील वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानदार हसून या म्हणाला, की ते आधी काट्याखाली हात घालून बघायचे. पाणी कुठे मुरतंय हे त्यांना वासानंच कळायचं. शॉर्टस्टॉपच्या सगळ्यात जवळची जाळी गाठून तीन वर्षं त्यांनी प्रत्येक चेंडूला घसा फोडला होता. "गुडघे वाकव! पुढे ये! अगं, झोपलीस का?" एवढी मेहनत काय कोचच्या भाचीसाठी? आणि येत्या रविवारी निवड समिती येणार होती.

घरी लेक शिट्टी वाजवत बूट पुसत बसली होती.

"तुला वाईट नाही वाटलं?"

"नाही बाबा. तिकडेही मजा येते."

रात्री दोनदा वाढून घेऊन जेवली. वडिलांनी बायकोला बाजूला घेतलं. "बघितलंस? डोळ्यांत टिपूस नाही. कोचनं दम दिला असणार."

"अहो, एक रविवार घरीच थांबा ना," बायको म्हणाली. "माळ्यावरचा पसारा काढू."

म्हणजे हीसुद्धा सामील! वडिलांनी पुढे तिच्याशी बोलणंच टाकलं.

बुधवारी ते सरावाला मुद्दाम लवकर गेले. लेक आणि कोच पाण्याच्या टाकीमागे कुजबुजत होते. "शब्द म्हणजे शब्द," एवढंच कोचचं बोलणं कानावर पडलं. यांना बघताच दोघं दोन दिशांना पांगली.

कुणाला दिला होता शब्द? भाचीच्या आईला, दुसरं कोण! आणि बिचाऱ्या लेकीकडून तोंड बंद ठेवण्याचं कबूल करून घेतलं असणार. वडिलांना रात्रभर झोप लागली नाही. एवढी मोठी झाली, तरी लेकरूच ते. तिला असं एकटं पाडायचं नाही, त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. समितीची तीन माणसं येऊन बसली होती. वडिलांनी खुर्ची घडी करून काखेत मारली, अख्ख्या मैदानाला वळसा घातला आणि आउटफील्डच्या कुंपणाला खेटून ती मांडली. आता बघू कोण दबाव आणतंय ते!

"घाबरू नकोस गं!" ते ओरडले. "मी आहे इथे! आणि पाय जवळ घे जरा!"

लेकीनं वळून बघितलं. मग एकदम पळत सुटली, थेट कोचकडे.

शेवटी पोरीनं तोंड उघडलं! वडिलांना भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

पलीकडे लेक धापा टाकत कोचला म्हणत होती, "सर, मी मागितलं म्हणून दिलीत ना ही जागा? आता परत बदलून द्या. बाबांनी खुर्ची तिकडे नेली."