भिंत वाळण्याचे कारण

निरीक्षक येणार असला की भिंत वाळत असे.

एरवी ती बारमाही ओली होती. लेकीच्या पलंगामागे हात टेकवला तर तळवा भिजे, आणि लेक झोपेत शिट्टी वाजावी तसा श्वास घेई. पलंग हलवायला दुसरी खोली नव्हती. मात्र भाडे-कार्यालयाचा माणूस दारात उभा राहिला की त्याच भिंतीवर नुसता तपकिरी डाग उरे, कोरडा ठणठणीत. असे दोनदा झाले होते. आज तिसरी पाहणी होती आणि, कार्यालयाने बजावल्याप्रमाणे, शेवटची.

लेकीची आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. कारणाशिवाय काही घडते यावर तिचा विश्वास नव्हता. पावसाळा सरून कैक महिने झाले होते. म्हणजे पाऊस नव्हे. एक अख्खा दिवस तिने घरात काही शिजवले नव्हते, कपडे बाहेर वाळत घातले होते, तरी भिंत पाझरतच होती. म्हणजे घरमालक म्हणतो ती वाफही नव्हे. वकिलाने दोन वाटा दाखवल्या होत्या. दुरुस्तीचा हुकूम मागायचा, नाहीतर नोटीस देऊन दुरुस्ती आपणच करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण ओल वरूनच उतरत असणार, म्हणून दुसरी वाट गच्चीच्या कुलपाशी संपत होती. किल्ली घरमालकाकडे होती आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती हरवली होती. उरला हुकूम, त्यासाठी ओल दाखवावी लागणार होती. ती दिसली नाही तर तक्रार खोटी ठरेल, आणि त्या आधारावर मालक घर खाली करून मागेल, असेही वकिलानेच सांगितले होते.

निरीक्षकाने भिंतीवर तळहात ठेवला, मग तो उलटा करून पाहिला.

"डाग आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय?" घरमालक म्हणाला. "डाग माझ्या टकलावरही आहेत. म्हणून माझं डोकं गळतं असं नाही."

"गेल्या आठवड्यात इथून पाणी ओघळत होतं," ती म्हणाली. "फोटो आहेत माझ्याकडे."

"फोटोत पाणी दिसतं, ताई. तांब्या कुणाच्या हातात होता ते दिसत नाही."

"हाताला लागतं तेवढंच मला लिहिता येतं, बाई," निरीक्षक म्हणाला आणि त्याने पेनाचे टोपण काढले.

दाराशी लेक खोकली.

"साहेब, हात तरी धुवा," सासूबाई पुढे झाल्या. "पोपडे लागलेत तुमच्या हाताला."

निरीक्षकाने मोरीतला नळ सोडला. नळ फुरफुरला, थोडी हवा सोडून गप्प झाला.

"टाकी रिकामी?" घरमालकाच्या कपाळाला आठी पडली. "रविवारी काठोकाठ भरलीय मी. आठवडाभर अर्धीसुद्धा होत नाही तुमची. पाण्याचा धंदा काढलात का, आजी?"

"धंदा कसला? तीन दिवस घर घासतेय मी. सरकारी माणूस यायचा, त्याला काय जळमटं दाखवायची? पडदे धुतले, चादरी धुतल्या, फरशी तर सकाळ-संध्याकाळ. मागच्या दोन्ही वेळी धुतलं होतं, पण यंदा म्हटलं शेवटचीच पाहणी, हात आखडायला नको."

ती सासूबाईंकडे पाहत राहिली.

"मागच्या दोन्ही वेळी?"

"मग? तू असतेस कुठे दिवसा बघायला?"

ती घरमालकाकडे वळली. "मोटर लावा."

"आज मोटरीचा वार नाही."

"टाकीत थेंब नाही. लावा."

निरीक्षकाने पेनाला टोपण घातले आणि खुर्ची ओढून भिंतीसमोर मांडली. "लावा की. मलाही हात धुवायचेच आहेत."

खाली मोटर घरघरू लागली. जो निष्कर्ष आपल्याला हवा असतो त्यावरच सर्वांत कमी भरवसा ठेवायचा, हे ती प्रयोगशाळेत नव्या मुलींना शिकवीत असे. आता ती पदराची गाठ वळत बसली होती. तर्क चुकला तर आपणच निरीक्षकाला साक्षीला बसवून भिंत कोरडी असल्याचे सिद्ध केले असे होणार होते. लेक येऊन तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. तिची शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. मोटर थांबली. भिंत होती तशीच होती.

"भरली टाकी," घरमालक वर येऊन म्हणाला. "झालं समाधान?"

निरीक्षकाने घड्याळ पाहिले, हात धुतले, रुमालाला पुसले. तो खुर्चीवरची पिशवी उचलणार, इतक्यात लेक म्हणाली, "आई, आली."

डागाच्या वरच्या कडेशी नखाएवढी जागा काळसर झाली होती. पाहता पाहता ती लांबली, फुगली आणि एक थेंब सुटून पलंगाच्या दिशेने निघाला.

निरीक्षकाने पुन्हा तळहात टेकवला, उलटा केला आणि तो घरमालकासमोर धरला.

"बघा बरं," तो म्हणाला, "तांब्या कुणाच्या हातात आहे?"

घरमालकाने कमरेच्या जुडग्यातून गच्चीची किल्ली काढून दिली.

गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीला मध्यावर, नखाने चाचपता येईल असा आडवा तडा होता. पाणी तड्याच्या वर असले की ते भिंतीत उतरे. तड्याच्या खाली गेले की भिंत वाळे. रोजच्या वापराने ते इतके खाली कधी जात नसे. निरीक्षकासाठी घर धुतले की जाई.