घरमालकाचा वकील

तळघरात तीन माणसं होती, एक खुर्ची, उंच केलेलं इस्त्रीचं टेबल आणि त्यावर बावीस पानांची फाइल.

खुर्चीत बाबा बसले होते, जज म्हणून. हौसेनं काळा रेनकोटही चढवला होता. इस्त्रीच्या टेबलामागे परीक्षितदादा. गिरिजा वही घेऊन जिन्याच्या पायरीवर.

लॉचं पहिलं वर्ष संपता संपता दादाला अमेरिकन सैन्याच्या राखीव दलातून इराकला जावं लागलं होतं. आता परत आल्यावर राहिला होता तो फक्त परीक्षेतला दहा मिनिटांचा युक्तिवाद. तो उद्या होता. जमला नाही तर अख्खं वर्ष पुन्हा. आणि तसं झालं तर लॉ सोडणार, हे त्यानं जेवतानाच सांगून टाकलं होतं.

सरावाचा खटला सोपा होता. पोलिसांनी वॉरंट नसताना एका घराचं दार फोडलं. दादा घरमालकाचा वकील.

"आत हत्यार असेल अशी भीती होती," बाबा म्हणाले. "मग दार फोडलं ते बरोबरच ना?"

"येस, सर."

"अरे, येस सर काय! अशानं तूच तुझ्या घरमालकाला जेलमध्ये पाठवशील."

गिरिजानं वहीत पाचवी रेघ मारली. मुद्दे दादाला तोंडपाठ होते. पण खुर्चीतून कुणी जरबेनं विचारलं की तो ताठ होऊन होकार देत होता.

"बाबा, जरा सोपं विचारा ना."

"उद्या विचारणार आहेत का सोपं?"

"परत विचारा," दादा म्हणाला.

बाबा या वेळी उभे राहिले. "काउन्सेल, दार फोडलं ते बरोबरच ना?"

दादाच्या टाचा जुळल्या. मग त्यानं एक पाय बाजूला घेतला.

"नो, युअर ऑनर."

"का?"

"दाराला कडीच नव्हती. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. आत कुणी पळत नव्हतं. सगळे जेवायला बसले होते."

बाबांनी फाइल उचलून पानं चाळली. गिरिजानं ती दोनदा वाचली होती. त्यात कडी नव्हती, जेवणही नव्हतं.

बाबांनी फाइल मिटली आणि सावकाश खाली बसले. "गो ऑन, काउन्सेल."

दादा दहा मिनिटं पूर्ण बोलला. एकदाही अडखळला नाही. तो थांबल्यावर गिरिजा उठली, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मिनिटाला एकशे अडतीस.