घुशीची साक्ष

“घुशीनं नेलं, रावसाहेब. चार पायल्या भात व्हतं, समदं नेलं,” झुंबरबाईनं न अडखळता सांगितलं.

लेव्हीचे कारकून दिगंबरपंत तळेगावहून आंदर मावळात पायपीट करत आले होते. लढाईपायी सरकार शेतामागे ठरलेलं भात लेव्ही म्हणून गोळा करत होतं. झुंबरबाईच्या घरचं चार पायल्या कमी भरलं होतं.

नेमकं तेवढंच बियाणं गोठ्यात गव्हाणीखाली टोपल्यात पुरलेलं होतं. पोरांनी दिवाळीपासून नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढले, पण तिनं त्या बियाण्याला कुणाला शिवू दिलं नव्हतं. ते गेलं तर मिरगाला पेरायचं काय? आणि पुढं खायचं काय?

“घुशीनं नेलं असेल तर माफ होईल. बीळ दाखवा.”

बीळ तिनं कधीचंच हेरून ठेवलं होतं. गोठ्यामागं रोज ताज्या मातीचा ढिगारा दिसायचा. नवरा हौशीराम धुरी द्यायला निघाला, तेव्हा तिनंच त्याला अडवलं होतं. “ऱ्हाऊ दे तिला. लेव्हीवाल्याला दावाया व्हईल.” उंदराला मांजर साक्ष म्हणतात, या बाईनं घूसच साक्षीला पाळली होती.

“नुसतं तोंड बघून काय कळणार? खणा,” दिगंबरपंत म्हणाले.

शेजारच्या गेणूनं कुदळ घेतली. बिळांची त्याच्याइतकी जाण गावात कुणाला नव्हती. “तोंड आतनं बुजवलंय. म्हंजी घूस बिळातच हाय. पिल्लंबी आसतील.”

बीळ बांधाकडं जाईल, असा झुंबरबाईचा होरा होता. ते कुडाखालून गोठ्यात शिरलं. ती गेणूच्या आडवी धावली.

“आरं, कूड पडंल माजा! पुरं कर, गेणूभाऊ!”

“वाईच ऱ्हायलंय, वैनी.”

गव्हाणीखालची माती ढासळली आणि बांबूचं टोपलं उघडं पडलं. संपलं सगळं. आता बियाणं जाणार, वर हौशीरामाला बेड्या पडणार. तिनं डोळे गच्च मिटले.

“बघा, रावसाहेब,” गेणू म्हणाला.

झुंबरबाईनं डोळे उघडले. टोपल्याच्या बुडाला भगदाड होतं. आत नुसती तुसं होती आणि तुसांत घुशीची सात गुलाबी पिल्लं वळवळत होती. भाताचा एक दाणा शिल्लक नव्हता.

ती मटकन खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

दिगंबरपंतांनी कागदावर माफी लिहिली. मग ते ओशाळून म्हणाले, “रडू नका, बाई. चुकलं माझं. मला वाटलं, तुम्ही खोटं बोलताय.”