दाराबाहेरचा खोकला

भाचीच्या पत्राला मामांनी उत्तरच दिलं नव्हतं. तिच्या रॉक बँडनं पदरमोड करून पहिली कॅसेट मामांच्याच मागच्या खोलीत रेकॉर्ड केली होती, रोज तालमी चालायच्या तिथेच. शेवटच्या गाण्यात वाद्यं क्षणभर थांबतात, नेमका तिथे दाराबाहेरून मामांचा खोकला आलाय, असं तिनं कळवलं होतं. चोरून ऐकताना सापडल्यासारखे मामा शरमले. रेकॉर्डिंगनंतर लगेच बँड परगावी गेला होता, खोली ओस पडली होती. आज तिचा फोन आला. “मामा, पुढच्या आठवड्यात प्रती काढतेय. तुझा खोकला कापू की ठेवू?” “पत्रानं कळवतो.” “अरे, फोनवर बोलतोयस ना!” मामांनी फोन ठेवलाच. बरेच कागद फाडल्यावर एकदाचं जमलं: “राहू दे. रोज दाराशी खुर्ची टाकून बसायचो. कुणी आत बोलावेल असं वाटायचं.” पुन्हा वाचलं तर हेही फाडू, म्हणून पाकीट तडक टपालपेटीत टाकलं.